नामदेव मारुती खंडागळे, नग दोन

सकाळी नवाच्या सुमाराला नामदेव मारुती खंडागळे यांनी दोन पेढे खाल्ले. अर्ध्या तासाने, दोन गल्ल्या पलीकडे, नामदेव मारुती खंडागळे यांच्या पोटावरच्या पट्टीने त्या पेढ्यांसाठी इन्शुलिन सोडलं.

पेढे खाणाऱ्याला मधुमेह नव्हता. पट्टी लावणाऱ्याने पेढा खाल्ला नव्हता.

माळहिंगणी हे बार्शीच्या पलीकडचं चारशे उंबऱ्यांचं गाव. २०४१ साली तिथं पासष्टीच्या पुढच्या प्रत्येकाच्या मनगटावर आरोग्य सहकारी संघाचा एक राखाडी बंध असतो. तो नाडी मोजतो, रक्तातली साखर मोजतो, माणूस किती चालला ते मोजतो. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन उरलेलंच नाही, त्यांच्या पोटावर शिवाय तळहाताएवढी पट्टी असते. बंध आकडे पाठवतो, सोलापूरच्या कचेरीतलं यंत्र ते वाचतं, पट्टीला सांगतं, पट्टी थेंब सोडते. माणसाला काही करावं लागत नाही. नळाला पाणी कुठून येतं याचा कुणी विचार करत नाही, तसं लोकांनी या सगळ्याचा विचार करणंही सोडून दिलं होतं.

यंत्राचं नाव एकनोंद. आणि एकनोंदीच्या मते सोमवारपासून हे दोन नामदेव म्हणजे एकच गृहस्थ होते.

*

सुवर्णनोंद : एकाच माणसाच्या निरनिराळ्या दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत विखुरलेल्या सगळ्या नोंदी जुळवून केलेली, आणि यापुढे तेवढीच खरी मानायची अशी, एकमेव नोंद.
(विनया येमूल, परिभाषेची वही, पान ४. शेजारी पेन्सिलीने : "छान जमला शब्द.")

*

विनया येमूल संघाच्या सोलापूर कचेरीत नोंदपाल होती. नोंदपालाचं काम दुहेरी. यंत्र ज्या नोंदी जुळवतं त्यांच्यावर नजर ठेवायची. आणि यंत्राची भाषा माणसांच्या भाषेत आणायची. हे दुसरं काम उमज कायद्यामुळे आलं होतं. यंत्राने माणसाबद्दल काही ठरवलं तर ते त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितलं पाहिजे, आणि तो "उमजलं" म्हणेपर्यंत अंमल करायचा नाही, असा तो कायदा. त्यासाठी शब्द लागत होते. जुळणी, विलीनीकरण, टिकाव-नियम, वंशावळ. विनयाने तीन वर्षांत सहाशे शब्द घडवले होते आणि त्यांतल्या निम्म्यांवर तिचा जीव होता.

त्या गुरुवारी तिच्या पडद्यावर एक किरकोळ सूचना आली. एकाच मिनिटात एकाच माणसाची नाडी बहात्तर आणि एकशे अठरा.

"बंध ढिला असेल," शेजारच्या टेबलावरचा नदाफ म्हणाला. "म्हातारी माणसं, मॅडम. काडीसारखी मनगटं असतात."

"बंध दोन आहेत याच्याकडे."

"एक हरवला असेल, दुसरा घेतला असेल."

"नदाफ, दोन्ही बंध आत्ता चालू आहेत. एक अंगणात येरझारा घालतोय. दुसरा पाऊण तास जागचा हललेला नाही."

नदाफ खुर्ची ओढत आला. विनयाने सुवर्णनोंद उघडली.

*

सुवर्णनोंदीप्रमाणे तो असा माणूस होता :

नामदेव मारुती खंडागळे पहाटे पाचला उठतो आणि सातला पुन्हा उठतो. त्याची उंची पाच फूट चार इंच आहे. गेल्या वर्षी ती पाच फूट नऊ इंच होती. तो बसून लोकांची पोलकी शिवतो, आणि पस्तीस वर्षं तो उभा राहून तिकिटं देत होता. त्याची बायको सात वर्षांपूर्वी वारली आणि आज सकाळी तिने त्याला चहा दिला. त्याला मुलं दोन आहेत आणि मुलं तीन आहेत. उद्या त्याच्या घरी नातीचं बारसं आहे आणि त्याच्या घरी कुणी येत नाही. आत्ता, नऊ वाजून पन्नास मिनिटांनी, तो मांडवाच्या दोऱ्या बांधतो आहे आणि खाटेवर घामाने भिजून पडला आहे.

असा माणूस कुठेच नव्हता. त्याच्या नावे औषध मात्र चालू होतं.

*

"जुळणी किती टक्के दाखवतंय?" नदाफने विचारलं.

"नव्व्याण्णव पूर्णांक सत्त्याण्णव. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, शाळा. आणि जन्मतारीख." विनया थांबली. "एक जून एकोणीसशे बहात्तर."

नदाफ हसला, आणि मग त्याचं हसू मावळलं. त्याच्या वडिलांचा जन्मही एक जूनचा होता. विनयाच्या वडिलांचाही, दोन्ही काकांचाही. त्या पिढीत कागदोपत्री सगळा महाराष्ट्र एक जूनला जन्मला होता. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला आणून सोडणाऱ्या बापाला तारीख ठाऊक नसायची, "पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला" एवढंच तो सांगायचा. गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघायचे आणि रकान्यात ठोकून द्यायचे : एक जून. एकनोंद जिथं बनली तिथं माणसं खऱ्या तारखांना जन्मत असावीत. तारीख तंतोतंत जुळली की यंत्राच्या लेखी तो सगळ्यांत भक्कम पुरावा.

नोंदीत एकच फोन क्रमांक उरला होता. दोन नोंदींत फरक असेल तर ताजी माहिती ठेवायची आणि जुनी पुसायची, हा टिकाव-नियम. विनयाने तो क्रमांक लावला. कोणता नामदेव उचलेल ते तिला ठाऊक नव्हतं.

"हॅलो, नामदेव खंडागळे बोलताय का?"

"कुठला नामदेव पायजे?"

"नामदेव मारुती खंडागळे."

"आवं, तेच इचारतोय. कुठला? टेलर का कंडक्टर?"

विनयाने डोळे मिटले. सहाशे शब्द, तीन वर्षं, नव्व्याण्णव पूर्णांक सत्त्याण्णव टक्के. आणि हा प्रश्न विचारायला यंत्रात रकानाच नव्हता.

"तुम्ही कोण?"

"मी टेलर."

"काका, मी सोलापूरहून बोलतेय, आरोग्य संघातून. तुम्हाला साखरेचा त्रास आहे?"

"मला? आत्ताच दोन पेढं हाणलं. उद्या नातीचं बारसं हाय. तुमी या की."

"आणि कंडक्टरांना?"

आवाज जरा आखडला. "त्याला हाय. पोटाला पट्टी लावून फिरतोय."

"त्यांच्या घरी आत्ता कोण असेल?"

"कोन असनार? बायको गेली, पोरं पुण्याला."

"काका, हातातलं काम टाका आणि त्यांच्याकडे पळत जा. आत्ता. फोन चालूच ठेवा."

"मी न्हाई जात."

"काका—"

"त्यो बोलत न्हाई माझ्याशी. शेहेचाळीस वर्षं. मी ह्या गल्लीत आलो की त्यो त्या गल्लीत शिरतो. माझ्या लग्नात आला न्हाई, त्याच्या बायकोच्या मातीला मी गेलो तर माझ्याकडं बघितलं न्हाई. मी काय त्याचं घोडं मारलं?"

"काका, ऐका. यंत्रानं तुम्हाला दोघांना एक धरलंय. तुम्ही पेढे खाल्लेत, तुमची साखर वर गेली, आणि त्यांच्या पट्टीनं त्यांच्या अंगात औषध सोडलं. त्यांची साखर एकदम खाली गेलीय. ते बेशुद्ध पडतील. ॲम्ब्युलन्सला तास लागेल. तुमच्याइतकं जवळ कुणी नाही."



"म्हंजी माझा पेढा त्याला लागला?"

"हो."

"आयला," टेलर म्हणाला. आणि विनयाला चपलांचा आवाज ऐकू आला.

*

विलीनीकरण : दोन नोंदींची एक नोंद करणे. नागरिकाला विचारायचा प्रश्न : "आपल्या नोंदी विलीन करण्यात येत आहेत. उमजलं?"
(पान ९. गुरुवारी या पानावर आडवी रेघ मारली गेली.)

*

विनयाने फोनचा कॅमेरा चालू करायला लावला. पडद्यावर आधी आभाळ, मग धोतराचा काठ, मग एक उघडं दार. टेलरने फोन हातात धरला होता पण तो दाखवायचा असतो हे धावता धावता विसरला होता. मग एक खाट दिसली, आणि खाटेवर एक उंच, हाडकुळा माणूस. सदरा घामाने चिकटलेला. डोळे उघडे, पण समोरचं दिसत नसलेले.

"पुढं सरका," तो म्हणत होता. "पुढं जागा हाय. मधी थांबू नका."

"येड लागलं का ह्याला?"

"साखर उतरली की असं होतं. काका, सदरा वर करा. पट्टी दिसतेय? कडेनं ओढा. घाबरू नका, जोरात ओढा."

टेलरने आयुष्यभर शिवण उसवली होती. त्याने बोट घातलं आणि एका झटक्यात पट्टी सोलून काढली. कंडक्टर कळवळला.

"आता साखरेचं पाणी. गिळताहेत का बघा आधी. घोट घोट."

फोन कुठेतरी फळीवर उभा राहिला. डबे आपटल्याचा आवाज. "च्यायला, ह्याच्या घरात साखर कुठनं असनार!" मग टेलरने आपल्याच सदऱ्याचा खिसा चाचपला. बारशाचे पेढे त्याने कागदात बांधून बरोबर ठेवले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला द्यायला. ते त्याने तांब्यातल्या पाण्यात कुस्करले आणि कंडक्टरची मान मांडीवर घेऊन पेल्याने पाजायला लागला.

विनया कंडक्टरच्या बंधावरचा साखरेचा आकडा बघत होती. अडतीस. एकेचाळीस. एकेचाळीस. नदाफ मागे उभा होता आणि त्याने खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की तीही हलत नव्हती. सत्तेचाळीस. छप्पन्न.

दहा मिनिटांनी बासष्ट.

कंडक्टरने मान वळवली. आपलं डोकं कुणाच्या मांडीवर आहे ते त्याला दिसलं. त्याने उठायचा प्रयत्न केला.

"पड गप," टेलर म्हणाला. "शेहेचाळीस वर्षं पळलास. आता पाय न्हाईत तुला."

विनयाला कळलं की आपण मगाचपासून उभ्याच आहोत. ती खाली बसली. नदाफने तिच्यासमोर पाण्याची बाटली ठेवली आणि स्वतःच अर्धी पिऊन टाकली.

*

जीव वाचला होता, पण दुपारपुरता. पट्टी काढली की कंडक्टरच्या शरीरात इन्शुलिन येणार कुठून? तीन-चार तासांत साखर उलटी चढायला लागणार. जुन्या सुया आणि बाटल्या तालुक्यातून कधीच हद्दपार झाल्या होत्या. ॲम्ब्युलन्समधून नवी पट्टी येत होती. पण ती चालू व्हायला तिला एकाच माणसाची नोंद हवी होती, आणि कंडक्टरची अशी नोंद जगात नव्हती. ती परत निर्माण करावी लागणार होती. याला विनयाच्या वहीत शब्द होता : विभाजन. तो अजून एकदाही वापरला गेला नव्हता.

"दोघं खाटेवर शेजारी बसा. फोन समोर ठेवा. यंत्राला दाखवायचंय की तुम्ही दोन आहात."

ते बसले. एक बुटका, गळ्यात मापाची टेप. एक उंच, ओल्या सदऱ्यात. यंत्राचा गोड आवाज आला : "कृपया एका वेळी एकाच व्यक्तीने समोर बसावे."

"मग हितं काय आरसा हाय का?" टेलर भडकला.

विनयाने अधिकार-कळ दाबली. आवाज थांबला आणि पुन्हा आला : "आपण दुसरी व्यक्ती नाही, असे प्रत्येकाने सांगावे."

"मी ह्यो न्हाई," टेलर म्हणाला.

कंडक्टरला वेळ लागला. "मी... त्यो न्हाई," तो म्हणाला, जमिनीकडे बघत.

"काका, सोमवारी यंत्रानं तुम्हाला विचारलं होतं ना? नोंदी विलीन करू का म्हणून? तुम्ही 'उमजलं' म्हणालात."

"म्हनलो की. येवढ्या गोड आवाजात बाई इचारती. न्हाई म्हनलं असतं तर तिनं सगळं परत सांगितलं असतं." टेलरने कान खाजवला. "विलीन म्हंजी आपलं ते, पंचत्वात. मला वाटलं कोन तरी गेलं. म्हनलं, आसंल."

"आणि तुम्ही, कंडक्टरकाका?"

"मी बी म्हनलो. सायबाच्या प्रश्नाला हो म्हनायचं असतंय."

विनयाने पान नऊवर रेघ मारली ती तेव्हा.

नोंदीत दोनशे बारा बाबी होत्या. बहुतेक आपोआप सुटल्या. उंची उंचीला गेली, बायको बायकोला. उरलेल्या यंत्र विचारत होतं.

"मूतखडा कोणाचा?"

"माझा," टेलर अभिमानाने म्हणाला. "येवढा हुता."

"मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डावा डोळा?"

"माझी."

"रक्तदान, एकवीस वेळा?"

टेलरने वळून कंडक्टरकडे बघितलं. "तुझं? एकवीस?" कंडक्टरने मान हलवली. "आन् कुनाला सांगितलं न्हाईस."

दोनशे अकरा बाबी झाल्या. शेवटच्या बाबीवर यंत्र अडलं. बाब अशी : बससेवेतील माजी कर्मचारी, वाहक, रुजू १९९५, वैद्यकीय सवलतीस पात्र. इन्शुलिनची पट्टी याच सवलतीतून मिळत होती. विनयाने सरळ कंडक्टरच्या नावावर बोट ठेवलं. यंत्राने ते नाकारलं.

"वंशावळीनुसार ही बाब दुसऱ्या व्यक्तीची आहे."

तिने कारण उघडून बघितलं. नेमणूक झाली ती परीक्षेच्या बैठक क्रमांक ४४७१ वर. त्या क्रमांकाचा अर्ज जोडला होता शाळेच्या दाखल्याला. आणि तो दाखला होता टेलरचा. कंडक्टरचा बैठक क्रमांक वेगळाच होता, आणि त्याच्यासमोर लिहिलं होतं : निवड नाही.

"काका," विनया म्हणाली. "ही नोकरी..."

कंडक्टरने तोंडावरून हात फिरवला आणि

*

वंशावळ : नोंदीतली प्रत्येक बाब मुळात कुठून आली, कुणाच्या हातून आली, वाटेत कुठे बदलली, याचा माग. वंशावळ पुसता येत नाही.
(पान २३)

*

म्हणाला, "ती त्याची हाय."

खोलीत पंखा फिरत होता.

"दोघांनी फारम भरला हुता. दोघांनी पेपर दिला. मग एक पत्र आलं. पोस्टमननं माझ्या हातात दिलं, नाव माझंच हुतं की. मी रुजू व्हायला गेलो, तिथं क्लार्कनं नंबर वाचला चव्वेचाळीस एकाहत्तर. माझा चव्वेचाळीस सतरा हुता. मला तिथल्या तिथं कळलं." त्याचा श्वास लागत होता. "बाप मेला हुता. घरात तिघी बहिणी. मी गप बसलो. कुनी बघितलं न्हाई. पस्तीस वर्षं कुनी बघितलं न्हाई. ह्याला गल्लीत बघितलं की मला वाटायचं, आज इचारनार. मग मी गल्ली बदलायचो."

यंत्राने तेवढ्यात पुढचा पडदा उघडला. वंशावळीविरुद्ध बाब द्यायची तर कारण निवडणे बंधनकारक. दोन पर्याय होते. चूक : बाब मूळ मालकाकडे परत, सवलत स्थगित, चौकशी. फसवणूक : बाब मूळ मालकाकडे परत, सवलत रद्द, पोलिसांत वर्दी. दोन्हींचा शेवट एकच होता. नवी पट्टी कंडक्टरच्या पोटावर चालू होणार नाही. ती टेलरच्या नावे येणार, ज्याला तिची गरज नव्हती.

विनयाने ते त्यांना समजावून सांगितलं. या वेळी एकही शब्द वहीतला न वापरता.

"म्हंजी मी चोर म्हनून लागलो," कंडक्टर म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. उलट इतक्या वर्षांचं ओझं टेकवायला एकदाची जागा सापडल्यासारखा तो बोलला. "लिहा बाई. खरं हाय त्ये लिहा."

"गप रे," टेलर म्हणाला. "मला माहीत हुतं."

कंडक्टरने मान वर केली.

"पोस्टमननंच सांगितलं मला, दुसऱ्या आठवड्यात. घाबरला हुता बिचारा. म्हनला, नामदेवा, माझ्या हातनं चूक झाली, चल, दोघं जाऊन सांगू. मी म्हनलं, न्हाई सांगायचं."

"का?"

"मला गाडी लागती!" टेलर ओरडला. "बार्शीपत्तूर जाईस्तवर मी तीनदा वकतो, साऱ्या गावाला माहीत हाय. तो फारम माझ्या बापानं भरला हुता, मी न्हाई. पस्तीस वर्षं गाडीत? मी पस्तीस दिवस जगलो नसतो. माझं पत्र आलं न्हाई म्हनून बाप गप बसला, मी मशिनीवर बसलो. मला वाटलं, ह्याचं बी भागलं, माझं बी भागलं. मग तू बोलंनास. मला वाटलं, नोकरी लागली म्हनून माजलास."

नदाफने तोंडावर हात धरला होता. तो हसत होता की रडत होता ते विनयाला कळेना, आणि स्वतःचंही कळेना.

कंडक्टर हसत नव्हता. तो नुसता टेलरकडे बघत होता. मग त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, पाठ टेकवली, आणि भिंतीला डोकं लावून एक लांब श्वास सोडला. विनयाने त्याच्या बंधाचा आकडा पाहिला. नाडी एकशे दोनवरून ब्याऐंशीवर आली होती. औषधाशिवाय.

पण पडद्यावर दोनच शब्द होते.

"काका, याला चूक म्हणता येत नाही. फसवणूकही नाही. मला नवा शब्द घालायचा अधिकार आहे, पण त्याची व्याख्या तुमच्या तोंडून आली पाहिजे. याला काय म्हणू?"

"त्याला शब्द हाय की," टेलर म्हणाला. "हक्कसोड."

"म्हणजे जमिनीचं असतं ते?"

"तेच. माझ्या बहिणींनी तालुक्याला जाऊन अंगठं दिलं. त्यांचं हुतं, त्यांनी सोडलं, माझ्या नावावर आलं. कुनी म्हनलं का, नामदेवानं जमीन चोरली?"

बहिणींना तेव्हा काय वाटलं होतं, असा प्रश्न विनयाच्या जिभेवर आला. बाहेर ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. तिने तो प्रश्न गिळला आणि टंकायला सुरुवात केली.

"व्याख्या सांगा."

टेलरने गळ्यातली टेप दोन बोटांनी ताणली. "माझं हुतं. मला माहीत हुतं. मी ते त्याला राहू दिलं."

यंत्राने दोघांना विचारलं, "उमजलं?"

"उमजलं," टेलर म्हणाला.

"एकदा परत सांगा," कंडक्टर म्हणाला. यंत्राने परत सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग म्हणाला.

पावणेबारा वाजता नवी पट्टी चालू झाली. ती एकाच मनगटाचे आकडे ऐकत होती. विनया अर्धा तास नुसती ते आकडे बघत बसली. त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच बघत बसली. नदाफने जिल्ह्यातल्या एक जूनच्या सगळ्या जुळण्या थांबवल्या आणि नोंदीत एक नवा रकाना टाकला : "गावात तुम्हाला काय म्हणतात?" दुसऱ्या दिवशी माळहिंगणीहून एक फोटो आला. पाळणा, पाळण्यात गुलाबी टोपडं, आणि मागे मांडवाच्या खांबाला टेकून एक उंच माणूस, हातात रिकामी थाळी घेऊन. बिनसाखरेचं काहीतरी मागतोय, असं टेलरने खाली लिहिलं होतं.

*

हक्कसोड : माझं होतं. मला माहीत होतं. मी ते त्याला राहू दिलं.
(पान ६१. विनयाच्या वहीतला हा पहिला शब्द, जो तिने घडवला नाही.)

*

यंत्रातली संज्ञा कुण्या एका जिल्ह्यापुरती नसते. एकदा मान्य झाली की ती राज्यभर पोचते. आरोग्याच्या नोंदींपासून घराच्या, शाळेच्या, नोकरीच्या नोंदींपर्यंत. हे विनयाला माहीत होतं, पण त्या गुरुवारी तिने याचा विचार केला नव्हता.

पुढच्या बुधवारी नदाफ म्हणाला, "मॅडम, तुमच्या टेलरचा शब्द बघा. सहा दिवसांत तीन हजार आठशे."

"तीन हजार आठशे काय?"

"हक्कसोडी."

तिने पहिली उघडली. लातूरकडचे दोन मावसभाऊ. एकाच्या नावे चुकून लागलेलं घर दुसऱ्याने त्यालाच ठेवून घ्यायला सांगितलं होतं. दोघांचं "उमजलं" ऐकताना मागे कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. दुसरी उघडली. एका शिक्षिकेने आपला पुरस्कार सहकारिणीला दिला होता, कारण काम तिचं होतं. विनया हसली. असे किती जण इतकी वर्षं शब्दाची वाट बघत थांबले असतील? तिसरी, चौथी, दहावी. ती चहा विसरून वाचत राहिली.

सतरावी एका मुलीची होती. चोवीस वर्षांची, गाव भीमेच्या काठचं. पुण्याच्या महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात मिळालेली जागा आणि वडिलांनी तिच्या नावे केलेलं घर, दोन्ही तिने भावासाठी सोडलं होतं. व्याख्या तीच, शब्दही तेच. माझं होतं. मला माहीत होतं. सगळे रकाने भरलेले, कायद्याला धरून.

विनयाने आवाजाची नोंद लावली. यंत्राने गोड आवाजात विचारलं, "उमजलं?"

मग काही नाही. चार सेकंद. सात. कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज. अकरा सेकंदांनी मुलगी म्हणाली, "उमजलं."

विनयाने ते परत लावलं. खुर्चीचा आवाज मुलीच्या जवळून येत नव्हता, दाराकडून येत होता.

तिने मुलीचा क्रमांक लावला. तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"हॅलो, मी सोलापूरहून नोंदपाल विनया येमूल बोलतेय. घाबरू नका, काही चुकलेलं नाही. मला एवढंच सांगा, आत्ता तुमच्या खोलीत आणखी कोण आहे?"